परसातल्या खोलीचा बोजा

५ जानेवारी, सोमवार

सकाळी साडेसातला महेशचा फोन. इतक्या लवकर तो करत नाही. आधी वाटलं, सुनेला काही झालं.

"आई, घरावर बोजा आहे."

म्हटलं, कसला? कर्ज तर आपण कधी काढलं नाही.

"बँकेचा नाही. नगरपालिकेचा. घराच्या पीआर कार्डावर, मालकीच्या उताऱ्यावर, लिहून आलंय. अनधिकृत बांधकामाची शास्ती, म्हणजे दंड. बाबांनी तुला काही सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं.

कार्ड कशाला काढलं ते मी विचारलं नाही. दिवाळीत आला तेव्हा मोबाइलवर घराचे फोटो काढत होता. समोरून, बाजूनं, गच्चीवरून. मी अंगणात उभी होते तर म्हणाला, आई थोडी बाजूला हो. तेव्हाच कळलं होतं. शेवटी आज बोलला. गिऱ्हाईक आहे, औषधाच्या दुकानवाला, घर बघून गेलाय बाहेरून. पण बोजा उतरल्याशिवाय रजिस्ट्री होत नाही.

"तू जाऊन विचार ना पालिकेत. तुला सगळे ओळखतात."

ओळखतात. अर्ध्या गावाला सुया टोचल्यात मी.

बीपी १५०/९०. गोळी घेतली.

७ जानेवारी, बुधवार

पालिकेत जाऊन आले. करवसुलीचा कारकून ओळखीचा निघाला, त्याच्या दोन्ही पोरींचे डोस माझ्याच हातचे. "सिस्टर, बसा बसा." खुर्ची पुसून दिली. कपाटातून फाईल काढली. जाड आहे. माझ्या हातात दिली नाही.

"परसात खोली बांधलीय ना तुमी? परवानगी न्हाई घेतलेली. मागच्या हद्दीपासून जागा सोडायची असते, तीबी सोडली न्हाई. नोटीस दिली, खोली पाडली न्हाई. मग दरसाल शास्ती लागत गेली. ती भरली न्हाई म्हणून बोजा चढला."

म्हटलं, मी तर दरवर्षी भरते.

"घरपट्टी भरता. शास्तीचा रकाना वेगळा असतो, सिस्टर."

घरी येऊन पावत्या काढल्या. आहे रकाना. मागच्या दोन वर्षांच्या पावत्या मीच आणलेल्या. वाचलाच नाही कधी. हे असताना पावतीला हातसुद्धा लावला नव्हता, सगळं हेच बघायचे. पाटबंधाऱ्यात कारकुनीत जन्म गेला, कागद म्हणजे त्यांचं खातं, माणसं म्हणजे माझं.

खोली अकरा वर्षांपूर्वीची. महेश बारावीला होता, त्याला अभ्यासाला म्हणून. मी तेव्हा चारठाण्याच्या दवाखान्यात नोकरीला होते, पंधरा दिवसांनी घरी यायचे. एकदा आले तर भिंती उभ्या. पुढच्या वेळी वर पत्रे. शेवटचे चार महिने हे त्याच खोलीत होते. "मला पोराच्या खोलीत ठेव" म्हणाले. तिथंच गेले. दोन वर्षं होतील चैत्रात.

आता दुपारी मी तिथं पडते. पलंग तसाच आहे.

८ जानेवारी, गुरुवार

महेशला फोनवर सगळं सांगितलं. तो चिडला, माझ्यावर नाही, बाबांवर. मग म्हणाला, "म्हणजे हे निस्तरेपर्यंत विक्री अडकली."

मी म्हटलं, अडकली.

फोन ठेवला. केस विंचरले. बाहेर ओट्यावर येऊन बसले. ऊन छान होतं. शेजारच्या पोरी शाळेला जायलेल्या, "सिस्टर आजी बाय" म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. का वाटलं ते कळायला अर्धा तास लागला.

महेशला मी कधी नाही म्हटलेलं नाही. आता तो कागदच नाही म्हणतोय.

लाज वाटली. तरी बरं वाटलंच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गल्लीतल्या बायका वाणं घेऊन एकमेकींकडं चालल्या होत्या. आमच्या दारावरून जाताना हसतात, थांबत नाहीत. सवय झालीय असं मी लिहिते, पण झालेली नाही.

चारच्या सुमारास द्वारकाबाई आली. दरवर्षी येते. शिलाईकाम करते, घर आमच्या घराच्या पाठीला पाठ लावून, दार पलीकडच्या गल्लीत. तिचाही नवरा गेलेला, यांच्या आधी दहा वर्षं. एकच लेक, मानवतला दिलेली. आम्ही दोघी एकमेकींना तिळगूळ देतो, तेवढीच आमची संक्रांत. पूर्वी तिच्या मागच्या खिडकीतून आमचं बोलणं चालायचं. मी परसात भांडी घासत, ती आत मशीनवर. खोली झाली, खिडकी झाकली गेली. "तिला विचारलंय, बांधा म्हणाली," असं हे म्हणाले होते. तेव्हापासून ती वळसा घालून पुढच्या दारानं येते.

माझा पोलका आणला होता शिवून. निळ्या कापडाला काळा दोरा. एका बाहीची शिवण सापासारखी. तिनं माझं तोंड बघितलं.

"उसवून देते सिस्टर. आजकाल लय चुकायलं. बायका कापडं देईना गेल्यात."

डोळे बघितले. उजव्याचं ऑपरेशन झालेलं, डाव्यात मोतीबिंदू पिकत आलाय. म्हटलं, द्वारकाबाई, चांगल्या उजेडात शिवत जा.

"उजेड कुठून आणू, सिस्टर?" म्हणाली आणि हसली.

मीही हसले.

२२ जानेवारी, गुरुवार

म.चा फोन. त्यानं चौकशी केली. दंड भरून बांधकाम नियमित करून घेता येतं. अर्ज करायचा, सुनावणी होते. पैसे तो भरतो म्हणाला. "तुला काही त्रास नाही, आई. नंतर तू इकडंच ये. प्राचीपण म्हणते."

गेल्या वर्षी त्यांच्याकडं तीन आठवडे राहून आले. मुलगा-सून दोघं चांगली आहेत, खोटं का बोलू. सकाळी आठला जातात, संध्याकाळी आठला येतात. अकरावा मजला. खाली बघितलं की माणसं दिसतात, आवाज येत नाही. मी दिवसभर टीव्ही लावून ठेवायचे, बघायला नाही, कोणीतरी बोलत राहावं म्हणून. एक दिवस बारा तासांत तोंडातून शब्द निघाला नव्हता.

अर्ज केलास का, त्यानं विचारलं. म्हटलं, साहेब रजेवर आहेत.

साहेब रजेवर नाहीत. मी गेलेच नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

टपाल. सुनावणीचं पत्र, १० तारीख, अकरा वाजता. अर्ज महेशनंच केलेला, माझ्या नावानं, मोबाइलवरून. त्याला माझ्या थापा कळल्या असतील का?

बीपी १६०/९४.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सगळं नीट लिहून ठेवते. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

बांधकाम विभागाच्या मॅडम तरुण आहेत, बोलायला शांत. म्हणाल्या, नियमित करता येईल, पण खोली मागच्या हद्दीला टेकलेली आहे, म्हणून मागच्या घरमालकाची लेखी ना हरकत लागेल. "आणि त्यांच्याच तक्रारी आहेत, त्यामुळं अवघड आहे."

मी म्हटलं, कोणाच्या?

त्यांनी फाईल फिरवून माझ्यासमोर ठेवली.

पहिला अर्ज भिंत डोक्याइतकी आली तेव्हाचा. अर्ज लिहून देणाऱ्याच्या अक्षरातला, खाली वाकडीतिकडी सही. द्वारका. तिची सही मी ओळखते, तिच्या नातवाच्या जन्माच्या दाखल्यावर मीच करून घेतली होती. "माझे घरास दोन्ही बाजूंनी लागून घरे असून मागील एकच खिडकी आहे. मी शिलाई काम करून पोट भरते. भिंत झाल्यास घरात अंधार होईल. तरी काम थांबवावे." त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. मग अजून. एकूण पाच.

आणि मध्ये एक पान यांच्या अक्षरात. मोत्यासारखं अक्षर. शंभर कागदांतून ओळखीन. हमीपत्र. "सदर खोली माझ्या मुलाच्या परीक्षेपर्यंत तात्पुरती बांधली असून, परीक्षा होताच तीन महिन्यांत स्वखर्चाने काढून घेईन."

परीक्षा झाली. महेश पुण्याला गेला. खोलीत आम्ही धान्याच्या कोठ्या ठेवल्या.

त्यानंतरच्या नोटिशींवर "मिळाली" म्हणून सह्या. यांच्याच. चार.

मॅडम म्हणाल्या, पाणी घ्या.

मी विचारलं, ना हरकत नाही मिळाली तर? म्हणाल्या, मग खोली काढावी लागेल. स्वतःहून काढलीत तर काढल्या दिवसापासून शास्ती बंद. मागची भरली की बोजा उतरवायचं पत्र देऊ. "आणि काहीच केलं नाही तर आहे तसं चालू राहील. शास्ती वाढत जाईल, बोजा राहील."

घरी कशी आले आठवत नाही. चालतच आले.

११ फेब्रुवारी

काही नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वळसा घालून तिच्या घरी गेले. हिशोब केला, ही खोली झाल्यापासून मी तिच्या आतल्या घरात गेलेले नाही. दारात उभी राहून कापड दिलं असेल, घेतलं असेल. तीच येते नेहमी. तिला यायला आवडतं, असं मी धरून चालले होते.

दुपारचे बारा. बाहेर डोळे दिपतील असं ऊन. आत दिवा लागलेला. पुढं पत्र्याचं छप्पर, ते लोकांच्या भिंतीला टेकलेलं, दारातून येतो तो उजेड उंबऱ्यापाशीच संपतो. मशीन मागच्या भिंतीला, जिथं पूर्वी होती तिथंच. वर खिडकी. खिडकीच्या गजांमागं वीतभरावर आमच्या खोलीच्या विटा. प्लास्टर नाही केलेलं त्या बाजूला. खिडकीच्या कट्ट्यावर दोऱ्याची रिळं मांडलेली, रंगाप्रमाणं. जवळ जाऊन बघितलं तर काळा आणि निळा सारखेच दिसत होते. मलाही.

मी म्हटलं, द्वारकाबाई, मी फाईल बघितली.

तिनं मशीनचं पायडल सोडलं. खाली सतरंजी टाकली. "बसा."

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तुमाला म्हाईत असंल असंच वाटलं मला. घरात ऱ्हाता तुमी."

 घरात राहते मी.

"पाच अर्ज केले तुम्ही. आणि दर संक्रांतीला आलात."

"तकरार तुमच्या साहेबांसंग व्हती, सिस्टर. तुमच्यासंग न्हाई. मह्या लेकीचं बाळतपण अडलं तवा तुमी चारठाण्याहून टेंपोत बसून आलता. ते कुठं ठिवू?"

 चहा ठेवला तिनं. साखर चाचपून घातली.

म्हणाली, "साहेब आजारी पडले तवापून मी अर्ज बंद केले. हितं सगळं आयकू यायचं. त्यांचं खोकणं. रोज." थांबली. "आन् तुमचं रडणं. ते झोपले का तुमी भितीला टेकून रडायच्या. मी हिकडं मशीन बंद करून बसायची. म्हटलं तेवढीच सोबत."

मला वाटायचं, मी रडते ते कोणालाही कळलेलं नाही. महेशलासुद्धा नाही.

चहा अर्धा टाकून उठले. माफी मागायला गेले होते. मागितली का ते आठवत नाही. नसावी.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज फोटोला फूल घातलं नाही. समोर उभी राहून बोलले. मोठ्यानं. तीन महिने म्हणजे किती हो? तिला विचारलंय म्हणालात. कोणत्या तोंडानं म्हणालात? तिच्या हातचा पोलका घालून मी तुमच्यासोबत लग्नांना गेले. तुम्ही तिला "द्वारकाबाई बऱ्या ना" विचारायचात. आणि आत कपाटात नोटिशी.

यांना कोणी खोटं बोलणारा म्हटलं असतं तर मी भांडले असते.

नंतर वाटलं, मी तरी कुठं विचारलं? खेडोपाडी बायकांना सांगत फिरले, घराला खिडकी ठेवा, उजेड येऊ द्या, हवा येऊ द्या. पस्तीस वर्षं. आणि माझ्याच परसात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

म.ला सांगितलं. सुनावणीचं, अर्जांचं, हमीपत्राचं. तो म्हणाला, "जाऊ दे आई. आता झालं ते झालं. त्यांना काहीतरी देऊ आणि ना हरकतवर सही घे. तू मागितलीस तर देतील."

देईल. तेच तर.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

द्वारकाबाई स्वतःच आली. ओट्यावर बसली. "कारकून सांगत व्हता, मही सही लागती म्हणं. आना कागद, करून देते."

म्हटलं, कशाला?

"मव्हं आता काय ऱ्हायलंय? एक डोळा गेल्यातच जमा. खामखा तुमच्या घराला डाग कशाला?"

मी म्हटलं, बघू. कागद आणला नाही अजून.

कागद माझ्या पिशवीतच होता. महेशनं पाठवलेला, मी प्रिंट काढून आणलेला. काढला नाही बाहेर.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मांडून बघितलं. सही घेतली तर बोजा उतरतो, घर विकलं जातं. खोली पाडली तरी बोजा उतरतो, घर विकलं जातं. हात लावला नाही तर बोजा राहतो आणि मी इथं राहते.

आणि ती अंधारात.

म्हणजे मी काहीच न करण्यात माझं सुख आहे. यांनीही नऊ वर्षं हेच केलं, काहीच केलं नाही.

आज दिवसभरात कोणाशी बोलले: दूधवाला. एक शब्द. "अर्धा."

६ मार्च, शुक्रवार

दुपारी दीड वाजता तिच्या गल्लीतली बाई पळत आली. "सिस्टर, चला, द्वारकामावशीच्या बोटात सुई गेली."

वीज गेलेली. ती मशीनवर तशीच बसलेली, डावा हात सुईखाली अडकलेला, उजव्या हातानं चाक धरून, ते पुढंही फिरवता येईना, मागंही. तर्जनीच्या नखातून आरपार. घाम फुटलेला, पण तोंडातून आवाज नाही. पिशवीतून टॉर्च काढली. शेजारणीला रक्त बघवेना म्हणून टॉर्च शेवटी मीच दातात धरली. भर दुपारी. चाक हळूहळू उलटं फिरवलं. सुई वर आली, टोक आतच मोडलेलं. चिमट्यानं काढलं. दोनदा निसटलं. रक्त पुसायचं, बघायचं, पुन्हा पुसायचं. दिसत नव्हतं मला. पस्तीस वर्षांत इतक्या वाईट उजेडात काम केलं नव्हतं, शेतात बाळंतपण केलं तेव्हासुद्धा नाही.

टोक निघालं. मग ती बोलली. "सायीच्या रंगाचं कापड व्हतं सिस्टर, नवरीचं. रक्त सांडलं का वो त्याच्यावर?"

सांडलं होतं. म्हटलं, नाही.

रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावलं. घरी सोडलं. माझ्या घरी येऊन परसातल्या खोलीत गेले, पलंगावर बसले. भिंतीला कान लावला. पलीकडून काही आवाज नाही. मशीन बंद. हात ठेवला भिंतीवर. गार होती.

ठरलं.

९ मार्च, सोमवार

पालिकेत अर्ज दिला. "सदर खोली मी स्वखुशीने काढून घेत आहे." कारकून म्हणाला, "सिस्टर, पुन्यांदा विचार करा. बाई सही देतीय ना?" म्हटलं, देतेय. म्हणूनच.

त्याला कळलं नाही. शिक्का मारला.

महेशला सांगितलं नाही.

१६ मार्च, सोमवार

गवंडी आणि दोन बिगारी सकाळी सातलाच आले. पलंग आधी काढला. तो ज्या भिंतीला होता तिथं यांच्या डोक्याचा तेलकट डाग. थोडा वेळ त्यांना थांबवलं. चहा घ्या म्हटलं. त्यांनी चहा घेतला, मी तिथं उभी राहिले. काय वाटलं लिहिता येत नाही. राग होता, तो सापडेना गेला. दुसऱ्या भिंतीवर पेन्सिलनं महेशची रसायनाची समीकरणं, बाणच बाण. ते पण जाणार.

मग म्हटलं, हं, चालू करा.

पत्रे उतरवले. भिंत वरून खाली एकेक वीट. मागची भिंत शेवटी. मी पलीकडं सांगून आले होते. द्वारकाबाईनं मशीनवर लुगडं टाकलं आणि स्वतः दारात जाऊन बसली, बोटाला अजून पट्टी. साडेअकराच्या आसपास खिडकीच्या वरच्या भागातल्या विटा निघाल्या. आतून ती ओरडली, "बाई गं!" मला वाटलं वीट आत पडली. पळत वळसा घालून गेले.

वीट नव्हती पडली. ती आत उभी होती आणि जमिनीकडं बघत होती. फरशीवर उन्हाचा तुकडा पडलेला, धुळीनं भरलेला. "किती घाण झालंय माजं घर सिस्टर," म्हणाली, "दिसतच नव्हतं." आणि झाडू शोधायला लागली.

१७ मार्च

मॅडम येऊन पंचनामा करून गेल्या. फोटो काढले. मागची शास्ती माझ्या पेन्शनच्या साठवणीतून भरली. महेशचे पैसे घेतले नाहीत.

परस एकदम मोठं दिसतंय. दुपारी पडायला जागा नाही. पलंग स्वयंपाकघरात आडवा उभा करून ठेवलाय, जाता-येता गुडघा लागतो.

२० मार्च, शुक्रवार

महेशला सांगितलं. वाटलं खूश होईल, आता रजिस्ट्रीचा रस्ता मोकळा.

तो म्हणाला, "पाडली? सगळी?"

हो म्हटलं.

"आई, ती माझी खोली होती. बाबा तिथं गेले. मला विचारलं तरी असतंस."

म्हटलं, तू तर सगळं घरच विकायला निघालास.

"विकणं वेगळं गं."   मग फोन बंद. पुन्हा लावला, उचलला नाही.

हे मी धरलंच नव्हतं. भिंतीवरचे बाण डोळ्यांपुढं येतात. एक तरी फोटो काढायला हवा होता त्याच्यासाठी.

२७ मार्च, शुक्रवार

आठ दिवस फोन नाही. प्राचीचा मेसेज आला, "आई, ते ठीक आहेत, कामात आहेत." बीपी बघितला नाही.

द्वारकाबाईनं माझा पोलका उसवून पुन्हा शिवून दिला. निळा दोरा. शिवण पूर्ण सरळ नाही, डावा डोळा आहेच. पुढच्या महिन्यात परभणीला डोळ्यांच्या शिबिरात नेते म्हटलंय. "तुमी सोबत असाल तर येते," म्हणाली. म्हटलं, असेन. म्हटलं खरं.

३० मार्च, सोमवार

पालिकेचं पत्र हातात आलं. बोजा कमी करणेबाबत. आता ते भूमी अभिलेखाच्या कार्यालयात द्यायचं की कार्ड कोरं. गेले. तिथली बाई म्हणाली, कार्डावर अजून मयताचं नाव आहे, आधी वारस लावा, मुलगा आणि तुम्ही दोघांनी येऊन सह्या करा. मुलाला बोलवा.

पत्र परत पिशवीत घालून आले.

मनात आलं, राहू दे ते पिशवीतच. कोणाला कळतंय. ओट्यावर बसून तासभर हाच विचार केला. मग स्वतःचीच शिसारी आली. कागदामागं लपायचं ते एकाचं बघून झालंय.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी अकराला फोन लावला. यावेळी उचलला.

आधी म्हटलं, चुकलं माझं. तुला विचारायला पाहिजे होतं. खोली पाडायचीच होती, पण तुला बोलावून पाडायला हवी होती. तो "हं" म्हणाला.

मग सह्यांचं सांगितलं. वारसाचं, पत्राचं.

मग जे म्हणायचं होतं ते म्हटलं. पलंगाचा दांडा धरला. "महेश, बोजा उतरवून घेऊ. घर साफ करून घेऊ. पण मला ते विकायचं नाही. मी सही करणार नाही. मी आहे तोवर नाही."

पलीकडून गाड्यांचे आवाज. रस्त्यात असावा.

"बोजाचं कळलं तेव्हापासून तुला हेच म्हणायचं होतं का?"

"हो."

"मग म्हणाली का नाहीस?"

 म्हटलं, म्हणतेय आता.

त्यानं बरं म्हटलं नाही. भांडलाही नाही. औषधवाल्यानं इसाराचं विचारलंय, तेवढं पुटपुटला. मग म्हणाला, शनिवारी येतो. दुपारच्या गाडीनं.

एकटा येतो का त्या माणसाला घेऊन, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही. गहू निवडायला घेतलेत.